अल्प कर्जाची खरी किंमत

लहान कर्ज स्वस्त की महाग, हे त्याच्या जाहीर व्याजदरावरून ठरविण्याचा प्रघात आहे. परंतु जाहीर दर आणि ऋणकोस प्रत्यक्ष पडणारी किंमत ह्या दोहोंत पुष्कळदा मोठे अंतर असते. हे अंतर कशामुळे निर्माण होते आणि परतफेडीच्या रचनेशी त्याचा संबंध काय, ह्याचा थोडक्यात विचार येथे केला आहे.

समजा, १२,००० रुपयांचे कर्ज बारा समान मासिक हप्त्यांनी फेडावयाचे असून व्याजाचा दर द.सा.द.शे. १२ आहे. व्याज मूळ मुद्दलावरच वर्षभर आकारल्यास ते १,४४० रुपये होते व हप्ता १,१२० रुपयांचा पडतो. तथापि दरमहा १,००० रुपये मुद्दल फिटत असल्याने ऋणकोच्या हाती वर्षभरात सरासरीने ६,५०० रुपयेच असतात. फेडलेल्या रकमेवरही तो व्याज देत राहतो. शिल्लक मुद्दलाच्या हिशेबाने ह्या व्यवहाराचा खरा वार्षिक दर सुमारे २१.५ टक्के भरतो. तोच १२ टक्के दर शिल्लक मुद्दलावर आकारला असता, तर हप्ता सुमारे १,०६६ रुपये आणि एकूण व्याज सुमारे ७९४ रुपये झाले असते. पहिल्या व्यवहारात ३०० रुपये शुल्क आरंभीच कापून घेतले, तर खरा दर सुमारे २६.४ टक्क्यांवर जातो. कर्ज जितके लहान, तितका अशा ठराविक शुल्काचा भार अधिक.

हा प्रश्न नवा नाही. १८७५ साली पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत झालेल्या दंग्यांत सावकारांच्या दप्तरांतील कर्जरोखे जाळण्यात आले. त्यानंतर दख्खनमधील शेतकऱ्यांच्या संरक्षणार्थ १८७९ साली झालेल्या कायद्याने रोख्यावरील आकड्यामागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा व देणे हप्त्यांनी फेडू देण्याचा अधिकार न्यायालयांस दिला. व्याजाची थकबाकी मुद्दलाहून अधिक वसूल करता येऊ नये, हे दामदुपटीचे तत्त्व तर त्याहून पुरातन होय. १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्याने स्वस्त कर्जाचा पर्यायी मार्ग खुला केला.

अलीकडचे नियमही त्याच दिशेचे आहेत. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या किरकोळ कर्जांच्या बाबतीत शुल्कासह एकूण वार्षिक दर ऋणकोस लेखी कळविणे आवश्यक आहे. २०२२ पासून सूक्ष्मवित्त कर्जांसाठी कुटुंबाच्या सर्व कर्जांची मासिक परतफेड मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांहून अधिक होऊ नये अशी मर्यादा आहे. शिवाय ही कर्जे मुदतीपूर्वी फेडल्यास दंड आकारता येत नाही.

मात्र दर वाजवी असला तरी हप्ता उत्पन्नाच्या ओघाशी जुळला पाहिजे. सुगीस पैसा हाती येणाऱ्या कुटुंबास मासिक हप्ता पेलत नाही. तो भागविण्यासाठी दुसरे, बहुधा अधिक महाग, कर्ज काढावे लागते आणि पहिल्याचा स्वस्तपणा लयास जातो. जादा रक्कम हाती येताच, सर्व कर्जांचे नियत हप्ते सांभाळून, सर्वांत महाग कर्ज आधी फेडणे हिताचे. तात्पर्य, कर्ज घेताना केवळ दर न विचारता तीन गोष्टी पाहाव्यात: हाती प्रत्यक्ष किती रक्कम पडते, एकूण किती परत द्यावी लागते आणि ती केव्हा केव्हा द्यावी लागते.