ताटातून उलगडणारी आफ्रिका

आफ्रिका म्हटले की मुलांच्या डोळ्यांसमोर सिंह आणि अरण्य उभे राहते; तेथील माणूस दिसतच नाही. ही उणीव दूर करण्यासाठी इथिओपियापासून आरंभ करावा. तेथील प्राचीन ख्रिस्ती संप्रदायाचे श्रद्धाळू वर्षातील बहुतेक बुधवारी व शुक्रवारी, तसेच ईस्टरपूर्व दीर्घ व्रतात मांस, अंडी व दूध वर्ज्य करतात. मसुरीचे कालवण आणि हरभऱ्याच्या पिठाचे ‘शिरो’ हे त्यांचे व्रतान्न. कांदा-लसूण वगळून शिरो आपल्या घरीही करता येते. ‘तेफ’ धान्याची ‘इंजेरा’ ही भाकरी मात्र पीठ काही दिवस आंबवून करतात. आपल्या आचारानुसार तिची केवळ माहिती द्यावी.

मग इतिहास सांगावा. याच देशाने १८९६ मध्ये अडवा येथे इटलीच्या सैन्याचा पराभव केला. याच भूमीत जन्मून गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर पुढे निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. १६१० मध्ये त्याने वसविलेले खडकी म्हणजेच आजचे छत्रपती संभाजीनगर. वेरूळची जैन लेणी पाहण्यास निघालेली मुले याच नगरातून जातात.

परक्याचा संयम आणि पराक्रम ओळखता आला, तर अनेकान्ताचा अर्थ मुलांना निराळा शिकवावा लागणार नाही.