हातोडा आणि सांडशीचे वारसदार

अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात १५ ऑक्टोबर १९०४ रोजी चार विद्यार्थ्यांनी एक मंडळ काढले. एरिक श्रेडर, एल्विन व्हायनल, विल्यम लुईस आणि आयझॅक हँक्स हे ते चौघे. मंडळाला त्यांनी लोहाराच्या भट्टीतली दोन अवजारे नावासाठी निवडली: ‘सोसायटी ऑफ हॅमर अँड टाँग्ज’, म्हणजे हातोडा आणि सांडशी. १९११मध्ये त्याचे ‘थीटा टाउ’ असे नामांतर झाले. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांची ही अमेरिकेतली सर्वांत जुनी व्यावसायिक फ्रॅटर्निटी, म्हणजे बंधुमंडळ.

अमेरिकी कॉलेजांत फ्रॅटर्निटी नवीन नव्हत्या. ग्रीक अक्षरांची नावे, गुप्त दीक्षाविधी, एकत्र राहण्याचे घर हा सगळा थाट १९व्या शतकातच रुळला होता. या चौघांनी त्याला व्यवसायाची जोड दिली. सभासद अभियांत्रिकीचाच हवा, त्याला आपल्या कामाची आस्था हवी आणि कॉलेज सुटल्यावरही एकमेकांचा हात सुटू नये, ही अपेक्षा होती. सेवा, व्यवसाय आणि बंधुभाव ही तीन तत्त्वे संस्था आजही सांगते.

तिची वाढ खनिजांच्या वाटेने झाली. मिनेसोटाच्या उत्तरेला मेसाबीचा लोहपट्टा होता. दुसरी शाखा, म्हणजे बीटा चॅप्टर, १९०६मध्ये मिशिगनच्या तांब्याच्या प्रदेशात, ह्यूटन इथल्या खाणकाम महाविद्यालयात निघाली. तिसरी, गॅमा, १९०७मध्ये ‘कोलोरॅडो स्कूल ऑफ माइन्स’मध्ये. खाणकामाचे शिक्षण संपले की हे तरुण दूरदूरच्या वस्त्यांवर जात, जिथे ओळखीचे कुणी नसे. तिथे आपल्याच मंडळातला एखादा जुना विद्यार्थी भेटणे किती मोलाचे असेल! पुढे अभियांत्रिकीच्या सगळ्याच शाखांचे विद्यार्थी आले. चिन्ह म्हणून दातेरी चाक ठरले आणि मुखपत्राचे नावही ‘द गिअर’ पडले.

या बंधुभावाला मुलींसाठी मात्र दीर्घकाळ दार नव्हते. १९७२मध्ये अमेरिकेत शिक्षणातील लिंगभेदाला मनाई करणारा ‘टायटल नाइन’ कायदा आला. केवळ स्नेहासाठी चालणाऱ्या फ्रॅटर्निटींना त्यातून सूट मिळाली. व्यावसायिक फ्रॅटर्निटींना मिळाली नाही. व्यवसायाची वाट सुकर करणारी संस्था कुणाला ती वाट नाकारू शकत नाही, हा त्यामागचा न्याय. थीटा टाउमध्ये त्याच दशकात स्त्रियांना प्रवेश मिळाला.

मुलींनी स्वतःचेही घर बांधले. १९८४मध्ये पर्ड्यू विद्यापीठात रश्मी खन्ना आणि अ‍ॅबी मॅक्डोनाल्ड यांनी पुढाकार घेऊन ‘फाय सिग्मा रो’ ही सोरोरिटी, म्हणजे मुलींची फ्रॅटर्निटी, सुरू केली. नेहमीच्या सोरोरिटींमधली सभासद निवडीची लांबलचक प्रक्रिया अभियांत्रिकीच्या वेळापत्रकात बसत नव्हती. म्हणून त्यांनी अभ्यासाला केंद्रस्थानी ठेवून मैत्री उभी केली.

तत्त्वे लिहून ठेवली म्हणजे ती पाळली जातातच असे नाही. एप्रिल २०१८मध्ये सिरॅक्यूज विद्यापीठातल्या थीटा टाउ चॅप्टरच्या एका अंतर्गत कार्यक्रमाची चित्रफीत बाहेर आली. त्यात वंश, धर्म आणि लिंगावरून अत्यंत हीन भाषा वापरली होती. विद्यापीठाने ते चॅप्टर आधी निलंबित केले आणि काही दिवसांतच कायमचे हद्दपार केले. बंद दाराआड चाललेल्या गोष्टीची शिक्षा साऱ्या चॅप्टरला झाली, आणि ती रास्तच होती.

अशा संस्थेची खरी अडचण तिच्या रचनेतच आहे. चार-पाच वर्षांत चॅप्टरमधला प्रत्येक चेहरा बदलतो. आज अध्यक्ष असलेला विद्यार्थी लवकरच नोकरीला लागतो आणि कालचा नवागत कारभार हाती घेतो. म्हणून नवागतांची निवड आणि त्यांना दिली जाणारी शिकवण हेच चॅप्टरचे सर्वांत जबाबदारीचे काम ठरते. इतिहास पाठ करून घेणे त्यातला सोपा भाग आहे. परीक्षेच्या आठवड्यात मागे पडलेल्या सोबत्याजवळ बसणे आणि खोलीत कुणाची टिंगल सुरू झाली की ती तिथल्या तिथे थांबवणे, हे प्रत्येक नव्या तुकडीला वरिष्ठांच्या वागण्यातूनच शिकावे लागते.