गॅरंटी संपलेला शेगडा

चंडीगडच्या सेक्टर 30 मध्ये सीएसआयओ या केंद्र सरकारच्या वैज्ञानिक उपकरण संस्थेच्या छत्राखाली 1963 मध्ये स्विस सहकार्याने इंडो-स्विस ट्रेनिंग सेंटर सुरू झाले. उपकरणे आणि साचे घडवणाऱ्या कुशल हातांची देशाला तेव्हा मोठी गरज होती. अशा हाताची घडण कुठेही सुरू होते ती शेगड्यापाशी. ठोकळा जबड्यात आवळायचा, कानस मारायची, गुण्या लावून उजेडाकडे धरायचे. फट दिसली की पुन्हा कानस.

कारखान्यात शेगड्याला ‘व्हाइस’ म्हणतात, पंजाबात ‘बाँक’. पण जुन्या शेगड्यांच्या शौकिनांसमोर नुसते ‘विल्टन’ म्हटले तरी पुरते.

विल्टनचा जनक ह्यू व्होग्ल हा चेकोस्लोव्हाकियातून अमेरिकेत आलेला माणूस. त्याने 1941 मध्ये शिकागोत शेगड्यांचा कारखाना काढला आणि विल्टन अ‍ॅव्हेन्यू या रस्त्याचेच नाव त्याला दिले. त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिका महायुद्धात उतरली. शेगड्यांना गिऱ्हाईक शोधत हिंडायची वेळच आली नाही.

साध्या शेगड्याचा मुख्य स्क्रू खालून उघडा असतो. कानशीचा कीस वंगणात पडतो, आट्यांमध्ये शिरतो आणि स्क्रू-नट एकमेकांना झिजवत राहतात. व्होग्लच्या शेगड्यात स्क्रू बंद नळकांड्यात आहे. कीस बाहेर, वंगण आत. मागचे टोक गोलसर निमुळते झाल्याने त्याला ‘बुलेट’ म्हणू लागले. नाव रुबाबदार आहे खरे, पण तो आकार मिरवण्यासाठी नव्हे, स्क्रू झाकण्यासाठी आला.

जुना विल्टन हाती लागला की जाणकार आधी जबडा पूर्ण उघडतात आणि सरकत्या भागाच्या पोटाशी तारेचा ब्रश मारतात. गंजाखाली तिथे आकडे ठोकलेले असतात: महिना आणि वर्ष. नवखा माणूस तीच जन्मतारीख समजतो. अगदी सुरुवातीचे काही नग सोडले, तर ती असते गॅरंटी संपण्याची तारीख. गॅरंटी पाच वर्षांची. म्हणजे ‘6-52’ दिसले तर शेगडा जून 1947 चा. गिऱ्हाइकाने भांडायला यावे म्हणून कारखान्याने पुरावा स्वतःच लोखंडात कोरून दिला! आज त्याच पुराव्यावर जुन्या शेगड्याचे वय ठरते. अंगावर ‘925 राइटवुड अ‍ॅव्हेन्यू’ हा शिकागोचा पत्ता ओतलेला असेल, तर मालक आणखी खूश. असे नग रंगवण्याआधी आकडे नीट वाचून घ्यावेत. रंगाचा जाड थर बसला की ते बुजतात.

पुढे ही कंपनी काही काळ वॉल्टर मायर या स्विस समूहाकडे होती. मालकी बदलली, तरी ‘बुलेट’ अजून बनतो. आणि 1947 चा तो शेगडा? त्याची गॅरंटी 1952 मध्येच संपली. दांडी फिरवली की जबडा अजूनही अलगद सरकतो.