बास गिटारच्या स्पीकरला पेटी कशासाठी?

बास गिटार वाजवणाऱ्याच्या मागे एक मोठी, जड लाकडी पेटी ठेवलेली असते. आवाज तर आतला स्पीकर काढतो. मग पेटीचे काम काय?

स्पीकरचा शंकू पुढे सरकला की समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. चार तारांच्या बास गिटारची सर्वांत खर्जातली तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरला, तर या कंप्रतेची तरंगलांबी ८ मीटरांहून अधिक येते. शंकूचा व्यास मात्र जेमतेम २५ सेंटिमीटर! त्यामुळे पुढची दाबलेली हवा कडेने वळसा घालून मागची उणीव भरून काढते आणि खर्ज जवळजवळ नाहीसा होतो. पेटी ही वाट अडवते.

हे वर्गात सहज दाखवता येते. जुन्या रेडिओतला स्पीकर आधी उघडा वाजवावा. मग तेवढेच भोक पाडलेल्या मोठ्या पुठ्ठ्यावर घट्ट बसवून वाजवावा. फरक लगेच कळतो.

पेट्या मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. बंद पेटीतील हवा स्प्रिंगप्रमाणे शंकूला आवरते. अमेरिकेतील अँपेग कंपनीच्या १९६९ सालच्या एसव्हीटी अॅम्प्लिफायरबरोबर दहा इंची आठ स्पीकरांची बंद पेटी वापरली जाई. दुसऱ्या प्रकारात पेटीला नळी असते. बाटलीच्या तोंडावर फुंकर घातल्यावर होते तसे नळीतील हवेचे अनुस्पंदन होऊन खर्जाला जोर येतो. त्या कंप्रतेच्या खाली मात्र शंकूवरचा हवेचा लगाम सुटतो आणि तो प्रमाणाबाहेर हलून निकामी होऊ शकतो.

हे कळले की निगा कशी राखायची तेही कळते. आवाज फरफरू लागला, तर स्पीकर बदलण्याआधी सैल स्क्रू आणि सांध्यांतील फटी तपासाव्यात. पेटी अॅम्प्लिफायरपासून सोडवून तिच्या तारांना दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावावा. सर्व शंकू एकाच दिशेने हलले पाहिजेत. एखादा उलट हलला, तर त्याच्या तारा उलट जोडल्या आहेत असे समजावे.

शेवटी थोडे गणित. ८ ओहमच्या दोन पेट्या समांतर जोडल्या की ४ ओहम होतात, तीन जोडल्या की सुमारे २.७. किमान ४ ओहमसाठी बनवलेल्या अॅम्प्लिफायरला तिसरी पेटी जोडली, तर जादा प्रवाहाने तो तापून जळू शकतो. समांतर जोडणीचे सूत्र शिकवताना हे उदाहरण जरूर द्यावे.