प्राध्यापक स्टॉक आणि पाऱ्याची वाफ

शास्त्रज्ञांची चरित्रे आपण बहुधा शोधांच्या याद्या म्हणून वाचतो. अमक्याने अमुक मूलद्रव्य शोधले, तमक्याने तमुक नियम मांडला, पुढे त्याचा गौरव झाला. तो शोध लागत असताना प्रयोगशाळेतील माणसे कोणत्या हवेत श्वास घेत होती, हे त्या यादीत नसते. कारखान्याच्या किंमतपत्रकात माल घडवणाऱ्याच्या फुप्फुसांचा हिशेब नसतो, त्यातलाच हा प्रकार. माझे आयुष्य कामगार संघटनेच्या कामात गेले. रसायनशास्त्र मी कॉलेजात शिकलो नाही. पिंपांवरच्या चिठ्ठ्या वाचता वाचता आणि मग त्यांचा अर्थ धुंडाळता धुंडाळता जे हाती लागले तेवढेच माझे शिक्षण. म्हणूनच जर्मनीतील आल्फ्रेड स्टॉक या प्राध्यापकांची कारकीर्द मला मोलाची वाटते. त्यांनी निरिंद्रिय रसायनशास्त्रात एक नवे दालन उघडले, आणि ते उघडताना आपण कोणते विष प्यालो हेही जगाला मोजून सांगितले.

स्टॉक यांचा जन्म १८७६ साली डान्झिग येथे झाला. ते शहर आज पोलंडात आहे. बर्लिनला एमिल फिशर यांच्या संस्थेत त्यांचे शिक्षण झाले. १८९९ मध्ये डॉक्टरेट मिळाल्यावर ते वर्षभर पॅरिसला आंरी म्वासाँ यांच्याकडे राहिले. म्वासाँ म्हणजे फ्लोरीन हा उग्र वायू प्रथम वेगळा करणारे गृहस्थ. त्या काळी जर्मनीत मान होता तो सेंद्रिय रसायनशास्त्राला, कारण रंगांचे आणि औषधांचे कारखाने त्यावर चालत. क्षार, धातू, खनिजे यांचे शास्त्र मागे पडले होते. ते मागे पडलेले शेत नांगरायचे स्टॉक यांनी ठरवले. १९०९ साली ब्रेस्लाऊच्या तांत्रिक विद्यालयात निरिंद्रिय रसायनाची नवी संस्था उभारण्यासाठी त्यांना बोलावणे आले. १९१६ पासून ते बर्लिन-दालेमच्या कैसर विल्हेल्म संस्थेत होते, आणि १९२६ पासून निवृत्तीपर्यंत, म्हणजे १९३६ पर्यंत, कार्ल्सरूहे येथे.

त्यांच्या कामाची एक खूण आपल्या घरातील मुलांच्या वहीतही सापडते. लोखंडाचे क्लोरीनबरोबर दोन प्रकारचे क्षार होतात. त्यांना निरनिराळी लॅटिन वळणाची नावे पाठ करण्याऐवजी मूलद्रव्याच्या नावापुढे कंसात दोन किंवा तीन हा आकडा लिहावा, ही सुटसुटीत पद्धत स्टॉक यांनी १९१९ साली सुचवली. ती आज जगभरच्या पाठ्यपुस्तकांत रुळली आहे.

पण त्यांचे मुख्य काम बोरॉनवर. हे मूलद्रव्य आपल्याला अपरिचित नाही. सोनार डाग देताना जो टाकणखार वापरतो त्यात बोरॉन असते. कॅरमच्या पटावर सोंगट्या सरकाव्यात म्हणून भुरभुरतात त्या बोरिक पावडरीतही असते. या दोन्ही निरुपद्रवी वस्तूंत बोरॉन ऑक्सिजनशी बांधलेले आहे. तेच हायड्रोजनशी बांधले तर काय होते, हा स्टॉक यांचा प्रश्न होता. बोरॉनचा शेजारी कार्बन हायड्रोजनशी जुळून असंख्य संयुगे करतो. रॉकेल आणि पेट्रोल ही त्यांचीच मिश्रणे. मग बोरॉनने काय पाप केले?

मॅग्नेशियम आणि बोरॉन यांच्या संयुगावर आम्ल टाकले की काही दुर्गंधी वायू निघतात. त्यांतले कित्येक हवा लागताच पेट घेतात, पाण्याने विघटन पावतात. काचेच्या तोटीला लावलेल्या ग्रीसचासुद्धा त्यांच्यापुढे निभाव लागत नाही. हवा चालत नाही, पाणी चालत नाही, ग्रीसही चालत नाही. अशा वायूला हाताळायचे कसे? स्टॉक यांनी सगळे उपकरणच काचेच्या बंद नळ्यांचे केले आणि पंपाने त्यातली हवा काढून टाकली. ग्रीस लावलेल्या तोट्यांच्या जागी पाऱ्याच्या झडपा आल्या. पारा वर चढवला की वाट बंद, खाली उतरवला की वाट मोकळी. दाब मोजायलाही पारा, पंपातही पारा. या बंद जाळ्यात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१२ पासून बोरॉन-हायड्रोजनची संयुगे एकामागून एक शुद्ध रूपात वेगळी काढली. त्यांतल्या सर्वांत साध्या संयुगात बोरॉनचे दोन अणू आणि हायड्रोजनचे सहा. सर्वसाधारण नियमाने ते बांधायला चौदा इलेक्ट्रॉन लागावेत; प्रत्यक्षात असतात बारा! हे कोडे पुढे अनेक वर्षे शास्त्रज्ञांना पुरले. विल्यम लिप्सकम यांना १९७६ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते याच कुळातील संयुगांच्या रचनेवर.

आता या यशाची दुसरी बाजू पाहू. पारा हा धातू असूनही साध्या हवेत त्याची वाफ होते. तिला रंग नाही, वास नाही. पातळ पारा पोटात गेला तर बहुतेक तसाच बाहेर पडतो, म्हणून तो निरुपद्रवी असा समज पसरतो. पण वाफ श्वासावाटे गेली की तिचा सुमारे ऐंशी टक्के भाग फुप्फुसातून रक्तात शिरतो आणि तेथून मेंदूत पोहोचतो. स्टॉक यांना वर्षानुवर्षे डोकेदुखी, चक्कर आणि नाकाचा जुना विकार जडला होता. मग स्मरणशक्ती ढासळू लागली. टेलिफोनच्या यादीत पाहिलेला नंबर यंत्रापर्यंत जाईतो विसरावा, स्वतःच दिलेल्या व्याख्यानातला मजकूर आठवू नये, अशी एका नामांकित अध्यापकाची अवस्था झाली. सोबतच्या सहकाऱ्यांनाही तसाच त्रास होता. प्रत्येक तक्रारीला वेगळे कारण चिकटवता येई: सर्दी, दगदग, वाढते वय. अखेर १९२४ च्या सुमारास बर्लिनचे विषशास्त्रज्ञ लुई लेविन यांच्या साहाय्याने खरे कारण कळले. प्रयोगशाळेची हवाच पाऱ्याने दूषित होती.

हे विष काही नवे नव्हते. मोडेनाचे वैद्य रामाझिनी यांनी १७०० साली कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. त्यात पाऱ्याने मुलामा देणारे आणि आरशांना पारा लावणारे कारागीर कसे खंगतात ते आहे. १८६१ साली कुसमाउल या जर्मन डॉक्टरांनी आरसे करणाऱ्या कामगारांच्या पारदविकारावर सबंध पुस्तक लिहिले. पाऱ्याचा क्षार लावून लोकरीची टोपी करणाऱ्यांचा कंप तर युरोपात म्हणीत जमा झाला होता. म्हणजे ज्ञान होते. पण ते कामगाराच्या शरीरात होते, आणि ते विद्यापीठाच्या दारातून आत आले तेव्हा एका प्राध्यापकाची स्मृती आधीच गेली होती. कामगाराची कापणारी बोटे हा पुरावा मानला जात नाही, हे दुखणे फार जुने आहे.

यापुढे स्टॉक यांनी जे केले त्यासाठी मी त्यांना मानतो. एखाद्याने दुखणे झाकले असते. आपल्या संस्थेची हवा विषारी होती हे कबूल करणे प्रतिष्ठेला शोभणारे नव्हते. स्टॉक यांनी १९२६ साली पाऱ्याच्या वाफेच्या धोक्यावर लेख प्रसिद्ध केला आणि आपली लक्षणे उघडपणे मांडली. मग त्यांनी मोजमापाची पद्धत बसवली. द्रवरूप हवेने गारठवलेल्या नळीतून खोलीतली हवा ओढायची, म्हणजे पारा नळीत गोठून राहतो. तो रासायनिक रीतीने गोळा करून त्याचा एक सूक्ष्म थेंब करायचा, आणि सूक्ष्मदर्शकाखाली थेंबाचा व्यास मोजून वजन काढायचे. दिसत नाही, वास येत नाही, अशा शत्रूला त्यांनी आकड्यात पकडले.

हा आकडा किती महत्त्वाचा, ते एका साध्या हिशेबाने पाहू. वीस अंश उष्णतामानाला एक घनमीटर बंद हवेत तेरा-चौदा मिलिग्रॅम पारा वाफेच्या रूपाने मावतो. अमेरिकेतील औद्योगिक आरोग्यतज्ज्ञ आठ तासांच्या कामासाठी ०.०२५ मिलिग्रॅम ही मर्यादा सांगतात. म्हणजे पारा उघडा पडलेल्या कोंडलेल्या खोलीत मर्यादेच्या पाचशे पट वाफ साठू शकते. दहा मीटर लांब, सहा रुंद आणि चार उंच खोली घ्या. मर्यादा गाठायला तीत केवळ सहा मिलिग्रॅम पारा हवेत असला की पुरे. तापमापकाच्या एका काडीत सुमारे एक ग्रॅम असतो! सगळाच पारा एकदम उडत नाही, आणि खिडक्या उघड्या असल्या तर वाफ निघूनही जाते. पण फरशीच्या फटीत शिरलेला पारा महिनोन्महिने आपले काम करीत राहतो.

स्टॉक यांची मूर्ती घडवून पूजा करावी असे मात्र मी म्हणणार नाही. १९३३ साली ते नाझी पक्षाचे सभासद झाले. त्यांच्या दुखण्याचे निदान करण्यास ज्यांचे साहाय्य झाले ते लेविन ज्यू होते आणि १९२९ मध्येच वारले होते. हवेतल्या विषाचा अंश ओळखणाऱ्या माणसाला समाजातले विष ओळखता येतेच असे नाही. शोध घ्यावा, शोधकाला देव करू नये. १९४६ साली एल्ब नदीकाठच्या आकेन गावी स्टॉक यांचा अंत झाला.

आपल्याकडे १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने पाऱ्याची बाधा हा सरकारला कळवणे सक्तीचे असलेल्या रोगांत घातला, आणि भोपाळनंतर, १९८७ च्या दुरुस्तीने, कामाच्या जागेच्या हवेत कोणते द्रव्य किती चालेल याच्या मर्यादा त्या कायद्यात आल्या. तरीही कोडाईकनालचा थर्मामीटरचा कारखाना पाऱ्याच्या प्रदूषणापायी २००१ साली बंद झाला, आणि तेथील माजी कामगारांचा दावा तडजोडीने मिटायला २०१६ साल उजाडले. मर्यादा कागदावर असणे आणि हवा मोजली जाणे यांत केवढे अंतर आहे, ते या पंधरा वर्षांवरून समजावे. २०१३ साली पाऱ्याविरुद्ध मिनामाता करार झाला व भारताने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली. हे पाऊल स्वागतार्ह आहे.

परंतु करार कारखान्याच्या दारात येऊन हवा हुंगत नाही. ते काम कामगाराने मागून घ्यावे लागते. पगारवाढीच्या मागणीपत्रात आणखी एक ओळ असावी: आमच्या खात्यातली हवा केव्हा मोजली, कोणी मोजली, आणि आकडा किती आला, तो फलकावर लावा. डोके दुखते म्हटले की गोळी मिळते. आकडा दाखवला की उत्तर द्यावे लागते.