सांगवी परिसरांतील अटकेच्या व तुरुंगाच्या नोंदी आणि त्या पाहण्याची रीत

या त्रैमासिकाच्या वाचकांचा व्यासंग बहुधा सनदा, महजर, करीने आणि शकावल्या यांचा. तुरुंगाच्या वह्या व पोलीस ठाण्यांचीं दफ्तरें यांकडे त्यांची दृष्टि सहसा वळत नाहीं. वळली तरी हे कागद अजून पुरेसे जुने झालेले नाहींत, अशी समजूत आड येते. परंतु एखाद्या घराण्याच्या टिपणांत अमक्या सालीं तीर्थरूप कैदेंत होते एवढीच ओळ सांपडली, म्हणजे ती कैद कोणत्या गुन्ह्याची, किती दिवसांची, कोणत्या तुरुंगांतली, आणि मुळांत झाली कीं नाहीं, हें ठरविण्यास त्या वह्यांवांचून गति नसते. उलट पक्षीं, काल रात्रीं पोलिसांनीं नेलेला भाचा कोणत्या ठाण्यांत आहे, असें विचारीत फिरणारा गृहस्थही त्याच जातीच्या वहीचें आजचें पान शोधीत असतो. दोघांनाही उपयोगी पडेल असें टिपण सांगवी गांव धरून येथें देतों.

सांगवी हें हवेली तालुक्यांतलें गांव. मुळा व पवना यांचा संगम जवळच असल्यानें गांवाच्या नांवाची व्युत्पत्ति तिकडे नेण्याचा मोह होतो. तो तूर्त आवरतों. आज हें गांव जुनी सांगवी व नवी सांगवी अशा दोन नांवांनीं पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेंत मोडतें व त्यास स्वतंत्र पोलीस ठाणें आहे. पण तें ठाणें १५ ऑगस्ट २०१८ पासून पिंपरी-चिंचवडच्या पोलीस आयुक्तालयाखालीं आलें. त्यापूर्वीं तें पुणें शहराच्या आयुक्तालयाकडे होतें. पुण्याचें आयुक्तालय १९६५ सालचें. त्याआधींचा सगळा कारभार जिल्हा पोलिसांचा. म्हणून शोधकानें प्रथम साल निश्चित करावें, मग त्या सालीं ती जागा कोणत्या ठाण्याच्या हद्दींत होती तें पहावें, आणि मगच अर्ज लिहावा. नोंद गांवाच्या मागें जात नाहीं, हद्दीच्या मागें जाते. शिवाय याच नांवाचीं गांवें पुणें जिल्ह्यांतच मावळ व बारामती या तालुक्यांतही आहेत. नुसतें 'मौजे सांगवी' एवढ्यावर भरंवसा ठेवून केलेला शोध भलत्याच कुळाच्या दारांत जाऊन उभा राहतो.

प्राचीन ग्रंथांकडे एक दृष्टिक्षेप टाकून पुढें जाऊं. कौटिल्यानें बन्धनागाराची योजना सांगितली आहे, स्त्रिया व पुरुष यांस निराळीं स्थानें सांगितलीं आहेत, राजाच्या जन्मनक्षत्रीं व पौर्णिमेस बाल, वृद्ध, रोगी व अनाथ बंद्यांस सोडावें असेंही म्हटलें आहे. पेशवाईंतही आजच्या अर्थानें तुरुंगाची नोंदवही शोधूं नये. किल्ल्यावर अटकेंत ठेविलेल्या माणसाचा पत्ता लागतो तो किल्लेदारास गेलेल्या आज्ञापत्रांत आणि खर्चाच्या हिशेबांत: बेडी घालावी कीं न घालावी, शिधा किती द्यावा, सोबत चाकर किती असावे. सखारामबापू बोकिलांसारख्या मातब्बर कारभाऱ्याची कैद बखरींतून कळते. सामान्य कुणब्याची कैद मात्र शिध्याच्या मापांतच शोधावी लागते. गणेश चिमणाजी वाड यांनीं निवडलेल्या रोजनिशा व गोविंदराव सरदेसाई यांनीं १९३० ते १९३४ या काळांत संपादिलेले पेशवे दफ्तराचे ४५ खंड हे या कामीं पहिले पाहण्याचे ग्रंथ. त्यांत न सांपडलें तर पुण्याच्या पुरालेखागारांत मूळ रुमालांकडे जावें. मोडी येत नसल्यास तेथें वाचकाचें कांहीं चालत नाहीं.

इंग्रजी अमलांत मात्र कैदी हा वहींत चढला. १८९४ च्या तुरुंगांच्या कायद्यानें तुरुंगाच्या अधीक्षकावर पांच पुस्तकें ठेवण्याची सक्ती केली: दाखल झालेल्या कैद्यांची नोंदवही, प्रत्येकाच्या सुटकेची तारीख दाखविणारें पुस्तक, तुरुंगांत दिलेल्या शिक्षांचें पुस्तक, भेट देणारांनीं शेरे लिहिण्याचें पुस्तक, आणि कैद्याजवळून काढून घेतलेल्या पैशांची व वस्तूंची नोंद. यांतील शेवटची नोंद संग्राहकांनीं हलकी मानूं नये. माणूस कोणत्या स्थितींत पकडला गेला, त्याच्या अंगावर काय होतें, हें इतरत्र क्वचितच लिहिलेलें असतें. त्याखेरीज दाखल होतेवेळीं वैद्यानें कैद्याची प्रकृति, अंगावरील जखमा व खुणा आणि त्यास कोणतें काम झेपेल हें लिहावयाचें असे. ज्याचें एकही छायाचित्र नाहीं अशा पूर्वजाचें शरीरवर्णन या एका रकान्यांत मिळण्याचा संभव आहे. येरवड्याच्या तुरुंगाचें जुनें वर्णन १८८५ सालीं निघालेल्या पुणें जिल्ह्याच्या गॅझेटियरांत आहे. वह्या वाचण्यापूर्वीं तें वाचल्यास बराकी व कारखाने यांचे उल्लेख नीट उलगडतात.

सांगवीहून चिंचवड फार दूर नाहीं, आणि ज्या गणेशखिंडीच्या रस्त्यावर २२ जून १८९७ च्या रात्रीं रँड व आयर्स्ट यांवर गोळ्या झाडल्या गेल्या तो रस्ता तर मुळेच्या पलीकडेच. म्हणून उदाहरण चापेकरांचें घेतों. दामोदर हरि यांस १८ एप्रिल १८९८ रोजीं येरवड्यास फांशी झाली. वासुदेव, महादेव रानडे व बाळकृष्ण हे १८९९ च्या मे महिन्याच्या ८, १० व १२ या तारखांस गेले. दामोदरांनीं कैदेंत असतां आत्मवृत्त लिहिलें हें सर्वश्रुत आहे. आतां हा कागद तुरुंगाचा, तेव्हां तो तुरुंगाच्या दफ्तरांत मिळेल, आणि १८९८ चा असल्यानें त्याच सालच्या पुडक्यांत मिळेल, अशी कोणाचीही अटकळ होईल. प्रत्यक्षांत त्याचें इंग्रजी भाषांतर १९१० सालच्या मुंबई पोलिसांच्या गुप्त सारांशांत छापलेलें आढळतें; तेथून तें १९५८ सालीं मुंबई सरकारनें काढलेल्या स्वातंत्र्यलढ्याच्या साधनांच्या दुसऱ्या खंडांत आलें. तुरुंगांत जन्मलेला कागद पोलिसांकडे गेला, आणि बारा वर्षांनीं, दुसऱ्या चळवळीचा विचार चालू असतां, पुन्हा वर आला. एका सालच्या पुडक्यांत कागद न मिळाल्यास तो नाहींच असा निर्णय देणारे संशोधक आम्हीं पुष्कळ पाहिले. त्यांनीं हें उदाहरण ध्यानांत धरावें. दुसरी गोष्ट नांवाची. चापेकर व चाफेकर हीं दोन्ही रूपें मराठींतच चालतात, मग इंग्रजी कारकुनानें काय काय केलें असेल तें सांगावयास नको. नांवाचीं निदान चार रूपें कागदावर मांडून मगच यादी वाचावयास बसावें. मुंबई इलाख्याच्या न्याय खात्याचीं जुनीं पुस्तकें व गृह खात्याच्या विशेष शाखेच्या फायली मुंबईस, एल्फिन्स्टन कॉलेजाच्या इमारतींतील पुराभिलेखागारांत पहावयास मिळतात.

आतां आजच्या नोंदींकडे येऊं. सर्वोच्च न्यायालयानें १८ डिसेंबर १९९६ रोजीं डी. के. बसू यांच्या प्रकरणीं दिलेल्या निकालानें अटकेचा पंचनामावजा कागद साक्षीदाराच्या सहीनें करणें, नातलगास कळविणें व ठाण्याच्या दैनंदिनींत नोंद करणें बंधनकारक झालें. पुढें फौजदारी प्रक्रिया संहितेंत कलम घालून जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाबाहेर अटक झालेल्यांचीं नांवें, पत्ते व अटक करणाऱ्या अधिकाऱ्याचें नांव फलकावर लावण्याची आज्ञा झाली. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेच्या जागीं भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली असून तिच्या ३७ व्या कलमानें प्रत्येक जिल्ह्यांत व प्रत्येक ठाण्यांत एक अधिकारी यासाठीं नेमावयाचा आहे, आणि नांव, पत्ता व गुन्ह्याचें स्वरूप ठाण्यांत ठळकपणें दाखवावयाचें आहे. संगणकाच्या द्वारें दाखविण्याचीही मुभा आहे. तेव्हां भाच्याचा शोध करणाऱ्या गृहस्थानें संकोच न धरतां ठाण्यांत जाऊन हा फलक व तो अधिकारी कोण हें विचारावें. तो उपकार मागत नाहीं. अटकेपासून, प्रवासाचा वेळ वगळून, २४ तासांचे आंत माणूस दंडाधिकाऱ्यापुढें उभा केला पाहिजे, हेंही त्यानें लक्षांत ठेवावें. म्हणजे दुसऱ्या दिवशीं ठाण्याऐवजीं न्यायालयांत विचारपूस करणें त्यास सुचेल.

फलक पुसला जातो; म्हणून इतिहासाच्या दृष्टीनें त्याचें मोल थोडें. टिकाऊ धागा म्हणजे गुन्हा रजिस्टर नंबर, ज्यास ठाण्यांत 'गु. र. नं.' म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाच्या ७ सप्टेंबर २०१६ च्या आदेशानें प्रथम खबरी अहवाल २४ तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर ठेवावयाचे झाले. लैंगिक अपराध, दहशतवाद व तत्सम नाजूक प्रकरणें वगळलीं आहेत. हा नंबर, साल व ठाण्याचें नांव हातीं असल्यास न्यायालयांच्या संकेतस्थळावर खटल्याची स्थिति पाहतां येते. तेथें प्रत्येक खटल्यास १६ अक्षरांकांची एक खूण असते. ती मिळाली म्हणजे पुढें नांवाच्या घोळांत पडावें लागत नाहीं. नांवावरून शोधणें भाग पडल्यास सावध असावें. सांगवी हें गांव व संघवी हें आडनांव इंग्रजी लिपींत एका अक्षराच्या अंतरानें उभीं असतात. निकालाची नक्कल प्रकरणाशीं संबंध नसलेल्या माणसास सहसा कारण दाखवून व फी भरूनच मागावी लागते. तुरुंगांतील बंद्याची भेट नातलगांस संगणकावर ठरवितां येते. पण तुरुंगाच्या नोंदवहीचें पान मात्र परक्यास असें उघडून दाखविण्यांत येत नाहीं.

येथें एक गोष्ट स्पष्ट लिहितों, कारण आमच्या वर्गांत ती सैल धरली जाते. अटक म्हणजे दोष नव्हे. येरवड्यासारख्या तुरुंगांत कच्चे कैदी व पक्के कैदी शेजारी शेजारी असतात. दाखल नोंदवहींत दोघांचीं नांवें चढतात, पण एकाचा खटला अद्याप व्हावयाचा असतो. तेव्हां नोंदवहीच्या आधारें कोणाच्या आजोबांस चोर ठरविण्यापूर्वीं निकाल पहावा. निकाल न मिळाल्यास 'आरोप होता' एवढेंच लिहावें. अल्पवयीनांचीं नांवें प्रसिद्ध करण्यास २०१५ च्या बालन्याय कायद्यानें बंदी आहे, व लैंगिक अपराधांतील पीडितेची ओळखही प्रसिद्ध करतां येत नाहीं.

जुन्या पण पुरालेखागारांत न पोंचलेल्या नोंदींसाठीं २००५ चा माहितीचा अधिकार हेंच मुख्य साधन. महाराष्ट्रांत अर्जास १० रुपये फी, मजकूर एका विषयाचा व १५० शब्दांत, आणि उत्तरास ३० दिवस. संस्कृतज्ञांस सूत्रशैलीचा सराव असल्यानें शब्दांच्या मर्यादेची त्यांनीं तक्रार करूं नये. अर्ज ठाण्याच्या नोंदीसाठीं पोलिसांच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे व तुरुंगाच्या नोंदीसाठीं त्या कारागृहाकडे करावा; कारागृह खात्याचें मुख्य कार्यालयही पुण्यांतच आहे. तपासास बाध येईल किंवा माहिती व्यक्तिगत आहे अशा कारणांनीं नकार मिळूं शकतो, आणि व्यक्तिगत माहितीचा अपवाद २०२३ च्या विदा-संरक्षणाच्या कायद्यानें अधिक रुंद केला आहे. परंतु कायद्याच्या ८ व्या कलमाचें ३ रें पोटकलम फारच थोड्यांस ठाऊक असतें. अर्जाच्या तारखेपूर्वीं २० वर्षें घडलेल्या गोष्टींस, राज्याची सुरक्षितता, विधिमंडळाचे विशेषाधिकार व मंत्रिमंडळाचे कागद हे तीन अपवाद सोडून, बाकीचे अपवाद लागूं पडत नाहींत. १९४२ ची अटक असो वा १९७५ च्या आणीबाणींतील स्थानबद्धता असो, अर्जांत या पोटकलमाचा उल्लेख अवश्य करावा.

यावर बहुधा येणारें उत्तर एकच: अभिलेख उपलब्ध नाहीं. तें नेहमींच टाळाटाळीचें असतें असें नव्हे. सरकारी कचेऱ्यांत कागदांची अ, ब, क, क-१ व ड अशी वर्गवारी असते; 'अ' कायमचे, 'ब' ३० वर्षांचे, 'क' १० वर्षांचे, 'क-१' ५ वर्षांचे, आणि 'ड' वर्षभरांत निकालांत निघणारे. कोणती वही कोणत्या वर्गांत घातली यावर तिचें आयुष्य ठरतें, आणि ती घालणारा कारकून इतिहासकार नसतो. म्हणून पहिल्या नकारानंतर दुसरा अर्ज करून त्या वहीचा वर्ग कोणता व ती नष्ट केली असल्यास नाश केलेल्या अभिलेखांची यादी मागावी. यादींतील तारीख हीदेखील नोंदच आहे. निदान पुढच्या शोधकाचे श्रम तरी तीमुळें वांचतात. यादींत ती वही नसेल, तर ती कोठें तरी आहे, असें धरून अपील करावें.

वही गेली तरी तिचा उतारा घराघरांतून उरला आहे. १९७२ सालीं केंद्र सरकारनें स्वातंत्र्यसैनिकांस निवृत्तिवेतन देण्याची योजना काढली. तीसाठीं सामान्यतः सहा महिन्यांच्या तुरुंगवासाचा पुरावा लागे, स्त्रियांस तीन महिन्यांचा. त्यामुळें अर्जदारांनीं तुरुंगांतून दाखले आणले, आणि ज्यांचें दफ्तर मिळेना त्यांनीं सहबंद्यांचे दाखले जोडले. तेव्हां येरवडा, विसापूर, नाशिक येथील नोंदींचे हे उतारे आज नातवंडांच्या पेट्यांत रेशनकार्डाशेजारीं पडून असण्याचा फार संभव आहे. असा दाखला दृष्टीस पडल्यास त्यावरील बंदी क्रमांक, कलम, दाखल होण्याची व सुटकेची तारीख, आणि सहबंद्यांच्या दाखल्यावर असल्यास त्यांचीं नांवें व गांवें जशींच्या तशीं, चुकीच्या शुद्धलेखनासह, उतरून घ्यावीं. सहबंद्याचा दाखला ही पुराव्याची दुय्यम प्रत समजावी व तसें टिपणांत लिहावें. मूळ कागद विकत घेऊं नये. तो त्या घराकडेच राहूं द्यावा व मंडळाच्या दफ्तरासाठीं छायाप्रत मागून घ्यावी.