दिवसाचा हिशेब, लेखांक ५ : बसून राहिलेला दिवस

तुरीची रास घरी आली, मागोमाग हरभरा आणि ज्वारीही उरकली, की चिंताकीकडे दिवस अंगावर यायला लागतो. औराद तालुक्याचा हा पट्टा बहुतेक कोरडवाहू. ज्याच्या बोअरला पाणी नाही, त्याला मृगापर्यंत शेतात फारसं काही उरत नाही. काही जण हैदराबादची वाट धरतात. राहिलेले पारावर, हॉटेलात चहा घेत, नाहीतर मोबाइल घेऊन बाजेवर. काय चाललंय विचारलं, तर उत्तर ठरलेलं : "काही नाही, बसलोय."

मागच्या लेखांकात घाईच्या दिवसाचं पाहिलं. आज या बसलेल्या दिवसाचं. वेळ मिळाला की राहिलेली कामं होतील, असं आपण सगळेच धरून चालतो. गोठ्याचे पत्रे, सातवीतल्या पोराचं गणित, तहसीलमधला रखडलेला कागद. ती होत नाहीत आणि दोष आळसाला जातो. मला हा निकाल मान्य नाही.

ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळच्या मारिएन्टाल वस्तीत जवळपास सगळी घरं एका कापड गिरणीवर जगत होती. १९३०च्या सुमारास ती बंद पडली. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झायझेल यांनी तिथं जाऊन लोकांचे दिवस टिपले. १९३३ साली त्यांचं पुस्तक आलं. वस्तीत वाचनालय होतं, हाताशी वेळही भरपूर. तरी १९२९ ते १९३१ या काळात पुस्तकांची देवघेव जवळजवळ निम्म्यावर आली. अभ्यासकांनी खिडकीआडून, हातात घड्याळ धरून रस्त्यावरची चालही मोजली : पुरुष हळू चालत आणि वाटेत पुन्हा पुन्हा थांबत. दिवसभर काय केलं हे लिहून द्या म्हटलं, तर त्यांना दोन-तीन गोष्टींपलीकडे आठवत नसे. हे लोक काही जन्माचे आळशी नव्हते. भोंगा वाजायचा थांबला, त्याबरोबर दिवसाचे टप्पे गेले. खिशातला पैसा आणि उमेदही गेली, हेही विसरून चालणार नाही.

बायकांचं मात्र तसं झालं नाही. चूल, धुणं, पोरं होतीच. आपल्याकडे वेगळं काय आहे? २०२४च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ गेला, पुरुषांचा ८८. तेव्हा पुरुषाची रिकामी दुपार बऱ्याचदा घरातल्या बाईच्या भरलेल्या दुपारीवर उभी असते. पारावर ही गोष्ट निघत नाही.

मग मोकळ्या वेळाचं करायचं काय? पूर्ण दिवसाचं वेळापत्रक आखू नका, ते चौथ्या दिवशी मोडतं. पेटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९९ साली मांडलेला उपाय सोपा आहे : "वाचायचंय" एवढं न ठरवता, कधी आणि कुठं तेही ठरवायचं. अमुक झालं की तमुक. रोज न चुकता होणारं जे काही असेल त्याला नवं काम जोडायचं. सकाळची धार काढून झाली की पोराचं गणित. दुपारचं जेवण झालं की पत्र्यांपैकी एकच पत्रा. सांजेला हॉटेलात जायच्या आधी पंचायतीच्या वाचनालयात, म्हणजे हल्लीच्या 'अरिवु केंद्रा'त, अर्धा तास. एका वेळी एकच जोड लावा. ती अंगवळणी पडल्यावर दुसरी. बाकीचा वेळ खुशाल बसा. गप्पा ठरवून मारल्या तर त्याही वाया जात नाहीत.

पुढच्या आठवड्यापर्यंत एक करा. सरकारी पाहणीत पहाटे चारपासून दुसऱ्या दिवशीच्या चारपर्यंत अर्ध्या-अर्ध्या तासाने नोंद होते. वहीच्या पानावर तसे ४८ खाने पाडा आणि एक दिवस प्रामाणिकपणे भरा. घरातल्या बाईसाठी दुसरं पान ठेवा. ते तिनेच भरावं किंवा तिला विचारून भरावं, अंदाजाने नको. दोन्ही पानं शेजारी ठेवूनच पुढचा लेखांक वाचायला घ्या.